लक्ष्मीच्या वाहनाचे चित्र

मराठी भाषेने घुबडावर जितका अन्याय केला आहे, तितका दुसऱ्या कुठल्या पक्ष्यावर क्वचितच केला असेल. तोंड फुगवून बसलेल्या माणसाला आपण ‘घुबडासारखा बसलाय’ म्हणतो. ओसाड वाड्याचे वर्णन करायचे झाले, की पहिल्या दोन वाक्यांतच घुबड घुमू लागते. संस्कृत पंडितांनी तर त्याला ‘दिवाभीत’, म्हणजे दिवसाला भिणारा, ठरवून टाकले. आणि गंमत अशी की, याच घुबडाला आपण लक्ष्मीचे वाहनही केले आहे! दिवाळीत लक्ष्मीसाठी दारात रांगोळी, पणत्या, सगळा थाट. पण ज्याच्या पाठीवर बसून ती यायची, त्याला परसातल्या झाडावरही थारा नाही. इतकेच नव्हे, तर कुठे कुठे याच अमावास्येला धनाच्या लोभाने घुबडाचा बळी दिला जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे. पण लोभाला कायदा वाचता येत नाही.

मी जळगावच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांची चित्रे काढतो. चित्रकलेची माझी शिदोरी म्हणजे शाळेत असताना दिलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन परीक्षा. आमच्या घरातून सूचना असते, “चित्राखाली पक्ष्याचं नाव लिहीत जा हो, म्हणजे पाहुण्यांना अवघड होत नाही.” मी निमूटपणे नाव लिहितो. पण या छंदातून मला एक गोष्ट मिळाली. नुसते पाहताना आपण नावावर समाधान मानतो. ‘पिंगळा आहे’ म्हटले, की पाहणे संपले. चित्र काढायला बसले, की कोरा कागद प्रश्न विचारू लागतो. डोक्यावर ठिपके आहेत की नाहीत? शेपटीवरचे पट्टे रुंद की अरुंद? पाय उघडे की पिसांनी झाकलेले?

हे प्रश्न किती मोलाचे आहेत, ते आपल्या खानदेशातल्याच एका पक्ष्याच्या कहाणीवरून कळते. त्याचे नाव रानपिंगळा. परसातल्या पिंगळ्याचा हा रानातला भाऊबंद. उंची जेमतेम वीतभर. १८७३ मध्ये ह्यूम या पक्षितज्ज्ञाने त्याचे पहिले वर्णन केले. पुढे जेम्स डेव्हिडसन या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र तो दिसेनासा झाला. जगभरच्या संग्रहालयांत त्याची सातच कातडी उरली, आणि पक्षी बहुधा नामशेष झाला असावा, असे जाणकार म्हणू लागले.

यात एका लबाडीची भर पडली. कर्नल माइनर्ट्‌झहागेन या नामांकित गृहस्थाने, आपल्याला हा पक्षी १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ मिळाला, असे सांगून ठेवले होते. शोधणारे त्या नोंदीच्या मागे भलत्याच रानात भटकले. मधल्या काळात एक छायाचित्रही रानपिंगळ्याचे म्हणून पुढे आले. तो निघाला साधा पिंगळा! शेवटी पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने ती सातही कातडी बारकाईने तपासली. कर्नलसाहेबांचा नमुना हा मुळात डेव्हिडसनचाच, संग्रहालयातून चोरून नव्याने शिवलेला, हे उघडकीला आले. तेव्हा तिने खोटी नोंद बाजूला सारली आणि जुन्या खऱ्या जागा धरल्या. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, तिला आणि तिच्या दोन सोबत्यांना रानपिंगळा दिसला. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून काही महिने अवकाश होता. आणि हा ‘दिवाभीत’ बसला होता कुठे? झाडाच्या शेंड्याशी, चक्क उन्हात! रानपिंगळा दिवसाढवळ्या वावरणारा पक्षी आहे, हे पंडितांना कुणी सांगितलेच नव्हते.

त्याला ओळखला कसा? डोक्यावर ठिपके जवळजवळ नव्हते, पाय जाड पांढऱ्या पिसांनी झाकलेले होते, पट्टे रुंद होते. म्हणजे माझा कागद मला विचारतो तेच प्रश्न! ज्याला वेगळा चेहरा नाही त्याला वेगळे नाव राहत नाही, आणि ज्याला नाव नाही तो गेला तरी कुणाला पत्ता लागत नाही. पक्ष्याचे चित्र त्याला चेहरा देते. त्याच्या रक्षणाची सुरुवात तिथे होते, असे मला वाटते.

धुळ्याला माझ्या आत्याच्या परसात एक जुना कडुनिंब आहे आणि त्याच्या ढोलीत पिंगळ्याची एक जोडी राहते. दोन वर्षांपूर्वी आतोबा गेले. त्या रात्री पिंगळा सारखा ओरडत होता, असे आत्याच्या मनाने घेतले. झाड तोडायचे ठरले, लाकूडतोड्याशी बोलणेही झाले. पंचाहत्तरीतल्या, नुकत्याच एकट्या पडलेल्या बाईशी पिंगळ्याच्या बाजूने वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी चार संध्याकाळी मागच्या ओट्यावर बसून चित्र काढले. एका बाजूला परसातला पिंगळा आणि शेजारी, छायाचित्रे समोर ठेवून, रानपिंगळा. आत्या चहा घेऊन यायची. पहिल्या दिवशी कप ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी जरा थांबली. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून आली.

“याच्या डोक्यावर मीठ सांडल्यासारखं दिसतंय,” ती म्हणाली. “आणि हा दुसरा कोण? याच्या डोक्यावर तर काहीच नाही.”

मी तिला सगळी हकिगत सांगितली. ती बराच वेळ गप्प होती.

“एकशे तेरा वर्षं होता म्हणायचा आणि कुणी विचारलंसुद्धा नाही,” एवढेच ती बोलली. मग हळूच म्हणाली, “लाकडं तोडणाऱ्याला सांग, पाऊस होऊन जाऊ दे. मग बघू.”

त्यावर दोन पावसाळे होऊन गेले. रात्री पिंगळा ओरडला, की आत्या अजूनही ‘राम राम’ म्हणते. पण झाड उभे आहे.

चित्राने झाड वाचते, तसे पाणथळही वाचते. अमेरिकेत १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्याला दरवर्षी एक तिकीट विकत घ्यावे लागते. त्यावर बदकांचे चित्र असते. पहिले चित्र डार्लिंग नावाच्या व्यंगचित्रकाराने काढले होते. तेव्हा किंमत एक डॉलर होती, आज पंचवीस आहे. त्या पैशातून पक्ष्यांसाठी लाखो एकर पाणथळ जमीन राखली गेली. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात २०१८ मध्ये इला फाउंडेशनने घुबडांचा उत्सवच भरवला आणि मुलांनी हौसेने घुबडे रंगवली. गावाचे नाव पिंगोरी. योगायोगही कसे रसिक असतात पाहा!

आम्ही एवढी मोठी झेप घेतली नाही. माझ्या वर्गातल्या आठ-दहा मुलामुलींनी गेल्या दिवाळीत पोस्टकार्डांवर पक्षी रंगवून विकले आणि जमलेल्या पैशांतून सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेला दोन दुर्बिणी दिल्या. यावल अभयारण्यात आणि तोरणमाळच्या रानात रानपिंगळा आहे. सगळे मिळून त्याचे प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे. सागाची रानं तुटली, जुन्या झाडांच्या ढोली गेल्या, की त्याला दुसरे घर नाही. त्या मुलांतला एक पावरा समाजाचा मुलगा रानपिंगळ्याचे कार्ड हातात घेऊन म्हणाला, “सर, हे मी घरी नेतो. आजोबांना दाखवायचंय.” मी विचारले, “ते ओळखतील?” तो हसला. “ते ओळखतीलच, सर. हा पुस्तकातही आहे, हे त्यांना दाखवायचंय.”