पाकिटावर न छापलेले तापमान

हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात हॉप्सची शेती गेली काही दशके होत आली आहे, आणि पालमपूरची सीएसआयआर-आयएचबीटी ही संस्था तिला नव्याने बळ देण्याचा प्रयत्न करते आहे. त्याविषयीच्या बातम्यांत चर्चा असते ती आयातीला पर्याय मिळण्याची. वेलीवरून उतरल्यावर या पिकाचे काय होते, हा प्रश्न मागे राहतो.

हॉप्स ही भांगेच्याच कुळातली वेल. तिच्या मादी फुलोऱ्याच्या शंकूंत ल्युप्युलिन नावाची पिवळी, चिकट भुकटी असते. बिअरचा कडूपणा आणि सुगंध तिच्यातूनच येतो. ताज्या शंकूंत पाऊण हिश्शाच्या आसपास पाणी असते. ते वाळवून दहा टक्क्यांवर आणले की बुरशीचा धोका टळतो, ऑक्सिजनचा टळत नाही.

कडूपणाचे मूळ असलेली अल्फा आम्ले हवा लागून हळूहळू मोडतात. कॅस्केड जातीचे हॉप्स २० अंश सेल्सिअसला ठेवले तर सहा महिन्यांत त्यांतली साधारण निम्मी आम्ले नाहीशी होतात. मॅग्नममध्ये तेवढ्याच काळात ८० टक्के वा अधिक शिल्लक राहतात. तापमान १५ अंशांनी उतरले की ऱ्हासाचा वेग निम्मा होतो, असा एक ढोबळ नियम घरी बिअर करणारे वापरतात. त्या हिशेबाने कॅस्केड निम्मे व्हायला उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये जवळपास तीन वर्षे लागतात, ३५ अंशांच्या गोदामात तीन महिने पुरतात. बंदरावरच्या उन्हाळ्यातला एक महिना म्हणजे फ्रीझरमधले जवळजवळ एक वर्ष! पाकिटावर हंगामाचे वर्ष छापलेले असते. हा प्रवास छापलेला नसतो.

म्हणून फ्रीझरच्या तळाशी सापडलेले जुने पाकीट केवळ तारीख पाहून फेकणे घाईचे ठरते. (घरी बिअर करण्याची मुभा आपल्या राज्याचा अबकारी कायदा देतो का, हे अर्थात आधी पाहावे.) पाकीट उघडून हुंगावे. जुन्या चीजसारखा वास आला तर तो आयसोव्हॅलेरिक आम्लाचा. अल्फा आम्लांच्या रेणूची बाजूची साखळी तुटून ते तयार होते. असे हॉप्स सुगंधासाठी शेवटी घालू नयेत. वास सौम्य असेल तर तासभराच्या उकळीत सुरुवातीलाच घालता येतात.

कडूपणा निम्मा झाला म्हणून मात्रा दुप्पट करावी, हा सल्ला सर्रास मिळतो. तो अपुरा आहे. अल्फा आम्ले घटत असताना बीटा आम्लांपासून ह्युलुपोने तयार होतात आणि तीही कडूच असतात. रसायन बदललेले असते, संपलेले नसते. ब्रसेल्सच्या परिसरात लँबिक करणारे तर हॉप्स मुद्दाम जुने करून वापरतात. आंबट बिअरमध्ये तीव्र कडूपणा खटकतो. त्यांना हवी असते ती नको असलेल्या जिवाणूंना आवर घालण्याची हॉप्सची शक्ती.

साठवणीचे तंत्र साधे आहे: हवा काढून बंद केलेली, ऑक्सिजन आत न जाऊ देणारी पिशवी आणि फ्रीझर. साधी पॉलिथीनची पिशवी चालत नाही, तिच्यातून ऑक्सिजन झिरपतो. उघडलेले पाकीट रबर लावून फ्रीजच्या दारात ठेवणे ही तर शुद्ध उधळपट्टी.

ऱ्हास मोजताही येतो. हॉप्सचा अर्क काढून २७५ आणि ३२५ नॅनोमीटर तरंगलांबीला त्याचे प्रकाशशोषण मोजतात. त्यांचे गुणोत्तर ताज्या मालात ०.२५ च्या आसपास असते, ते ०.५ झाले तर अल्फा आम्लांचा सुमारे तिसरा हिस्सा गेलेला असतो. त्यासाठी लागणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर आपल्या बहुतेक विद्यापीठांत असतो. लाहौलच्या प्रत्येक गाठोड्याबरोबर हा आकडा गेला, तर थंड खोऱ्यातल्या शेतकऱ्याला आयात मालाशी वजनावर नव्हे, ताजेपणावर भाव मागता येईल.