नळीतला रंग

रक्तातून स्टेम सेल वेगळ्या करणाऱ्या कोब स्पेक्ट्रा मशीनवर काम करताना नजर एका बारीक नळीवरून हलत नसे. गोळा होणाऱ्या पेशी तिच्यातून पिशवीत जात. त्या प्रवाहाचा रंग पाणी जास्त झालेल्या कोकम सरबताइतकाच हवा. गडद झाला, की लाल पेशी शिरल्या. पिवळा पडला, की हव्या त्या पेशी निसटल्या. मग पंपाचा वेग किंचित वाढवायचा, किंचित उतरवायचा. असे चार-पाच तास.

रक्त वेगानं फिरवलं की जड लाल पेशी बाहेरच्या कडेला जातात, प्लाझ्मा आत राहतो आणि मधे एक पातळ थर धरतो. इंजेक्शनं देऊन मज्जेतून रक्तात उतरवलेल्या स्टेम सेल याच थरात असतात. नव्या स्पेक्ट्रा ऑप्टियात त्या थरावर कॅमेरा लक्ष ठेवतो आणि पंप आपोआप जुळवून घेतो. मला याचा मनापासून आनंद होतो. माणसाचे डोळे दुपारनंतर थकतात, कॅमेऱ्याचे नाही.

या मशीनांच्या घराण्याचा मूळ पुरुष एक बाप आहे. आयबीएममधले इंजिनिअर जॉर्ज जडसन. मुलाला रक्ताचा कर्करोग झाला आणि ते अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत डॉ. एमिल फ्रायराइख यांच्याबरोबर पेशी वेगळ्या करणारं यंत्र घडवायला बसले. 1965 साली त्यावरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे आयबीएमचा हा व्यवसाय कोब कंपनीकडे गेला. लहान मुलाला मशीनला जोडताना मला जडसन हटकून आठवतात. दहा किलोच्या बाळात रक्त जेमतेम पाऊण लिटर, आणि नळ्यांतच दीड-दोनशे मिलिलिटर अडकणार! म्हणून त्या नळ्या आधी दात्याच्या रक्तानं भरून घेतो.

"सिस्टर, ओठांना मुंग्या येतायत हो," असं पेशंट म्हणाला, की रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटनं कॅल्शियम उतरवलंय हे कळतं. वेग कमी करायचा, कॅल्शियम द्यायचं. ही खूण मात्र पेशंटनं तोंडानं सांगावी लागते.

मशीनांची तुलना करणारे पहिल्यांदा विचारतात, सीडी-34 पेशी, म्हणजे स्टेम सेल, किती मिळाल्या? वजनाच्या दर किलोमागे निदान वीस लाख हव्यात, तेव्हा प्रश्न रास्तच. पण पिशवीत स्टेम सेलबरोबर प्लेटलेट्सही जातात. केमोनं आधीच खंगलेल्या माणसाला त्या परवडत नाहीत. अमिकस हे दुसरं मशीन टप्प्याटप्प्यानं थर उचलतं आणि बऱ्याचशा प्लेटलेट्स पेशंटला परत देतं. मला त्याचं मोल फार वाटतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीनवर घ्यायचं की नाही, हे सकाळच्या प्लेटलेट काउंटवरही ठरतं. मशीन निवडणाऱ्या कमिटीच्या तक्त्यात किती प्लेटलेट्स गेल्या हा आकडा पहिल्याच रकान्यात हवा, सीडी-34 च्या शेजारी.