सामायिक तार

एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती विचारा, मी तासभर बोलेन. यंत्राची कळ मात्र माझ्या हाताला कधीच सापडली नाही. त्यामुळे गेल्या दिवाळीत देवबागला, कर्लीच्या काठी, दादासमोर उकिडवा बसलो तो केवळ बॅटरी धरण्यापुरता.

होडीमागे लावायचे ते यंत्र वडिलांनी घेतलेले. दोन सिलिंडरांचे, दोरी ओढून चालू करायचे. पावसाळाभर पडवीत पडून होते. आता दोरी ओढून ओढून दादाचा खांदा भरून आला, तरी ते हूं की चूं करीना.

"भंगारात घाल," मी म्हणालो.

दादा काही बोलला नाही. वडील गेल्यापासून आमचे बोलणे तसे बेताचेच. घराच्या वाटणीचा कागद मध्ये आला होता. त्याच्या सहीसाठी तर मी आलो होतो.

त्याने दोन्ही प्लग काढले. भोकांपासून दूर, यंत्राच्या उघड्या धातूला टेकवून दोरी ओढली. ठिणगी नाही. नवे प्लग लावले, तरी नाही. मग मॅग्नेटच्या चाकातल्या खिडकीतून पॉइंट पाहिले. खाऱ्या हवेने त्यांवर राप चढला होता. तो पॉलिश पेपरने घासला, कोरड्या फडक्याने पुसला, फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बसवली. पुन्हा दोरी. पुन्हा काळोख.

"कॉइल गेली असेल," मी पांडित्य पाजळले.

"एक प्लग मेलो असतो तर त्याची कॉइल, त्याचो कंडेन्सर बघलंय असतंय," दादा म्हणाला. "दोनय एकदम गप झाले, म्हणजे दोघांत सामायिक काय आसा ता बघूक व्हया."

सामायिक होती ती यंत्र बंद करण्याच्या बटणाची तार. बटण दाबले की ती मॅग्नेटचा करंट बॉडीत उतरवते आणि यंत्र थांबते. वळणावर तिचे साल झिजून उघडी तार पत्र्याला टेकली होती. बटण न दाबताच ते कायमचे दाबलेले! करंट होता, तो वाटेतच जिरत होता.

दादाने ती तार सोडवली आणि दोरी ओढली. दोन्ही प्लगांवर निळी ठिणगी चटकन् उडाली. मी लहान मुलासारखा ओरडलो. दादा हसला. त्याचे हसू मी किती दिवसांनी पाहत होतो!

तारेला नवे साल चढवून आम्ही संगमापर्यंत जाऊन आलो. वडील दोरी कशी ओढत, कुणाला ओरडत, यावर वाटेत दोघेही बोलत सुटलो.

कागद पिशवीतच राहिला. वाटणी व्हायची ती होईलच. तिला माझी ना नाही. पण तंटा थांबवण्यासाठी केलेला तो कागद आमचे बोलणेच थांबवून बसला होता, हे मला त्या दिवशी, हातात बॅटरी असताना दिसले.