माथेरानचे बंगले आणि चढणीचा हिशेब

१/ सोलापूर जिल्ह्यातील केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध. तेथले कुंकू लावलेली नववधू मधुचंद्रासाठी माथेरानला गेली, तर झाडीत तिला साहेबी काळातले बंगले दिसतात. ते कोणासाठी उभे राहिले?

२/ मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून हा डोंगर चढला. पुढे मुंबईचा गव्हर्नर, स्कॉटिश उमराव लॉर्ड एल्फिन्स्टन याने येथे बंगला बांधला. हेतू एकच : मुंबईच्या उकाड्यातून साहेबांची सुटका.

३/ १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून नेरळहून छोटी रेल्वे धावू लागली. तोवर पाहुणे घोड्यावरून वा पालखीतून येत. पालखीचा भार भोयांच्या खांद्यावर असे.

४/ येथे मोटारींना बंदी. त्यामुळे शांतता टिकली. तशीच हातरिक्षाही टिकली. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत थांबवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला.

५/ नवपरिणितांनी जुन्या ओसरीवर छायाचित्र जरूर काढावे. त्या ओसरीपर्यंतची चढण पूर्वी कोणाच्या पायांनी पार होत असे, हेही एकमेकांना सांगावे.