साडेसहाची कवायत

तोक्योत नव्याने आलेल्याला सगळे सांगतात, आधी भाषा शीक. मी म्हणतो, आधी सकाळी साडेसहाला जवळच्या बागेत जा.

आमचं निशी-कासाई एदोगावा वॉर्डात येतं. २००० सालच्या आसपास इथे भारतीय संगणक अभियंत्यांची वस्ती वाढू लागली. आता तूरडाळ, हिंग कोपऱ्यावर मिळतं. २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ याच वॉर्डातून नगरसेवक झाले. त्यामुळे शेजारच्या जपानी माणसाशी चार शब्द न बोलताही इथे वर्षंच्या वर्षं काढता येतात. तशी काढलेली मंडळी माझ्या ओळखीची आहेत.

बागेच्या कुंपणाला कुणीतरी ट्रान्झिस्टर अडकवतं. एनएचके या जपानी नभोवाणीवर पियानो सुरू झाला की बहुतेक सत्तरी ओलांडलेली माणसं हात वर करतात. हा ‘रेडिओ ताइसो’. १९२८ साली पोस्टाच्या विमा खात्याने तो सुरू केला. कल्पना अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीकडून उचललेली. विमेदार धडधाकट राहिला तर खात्याचंच भलं. (औंधचे पंतप्रतिनिधी त्याच सुमाराला सूर्यनमस्कारांचा प्रसार करत होते, पण त्यांना कुणाचे हप्ते वसूल करायचे नव्हते.) युद्धकाळात अख्खा देश एका तालावर उभा करायला हीच कवायत कामी आली आणि पराभवानंतर काही काळ बंदही पडली. आताची पहिली मालिका १९५१ची: तेरा प्रकार, तीनेक मिनिटांत संपतात.

एका तालात हलणाऱ्या गर्दीची मला धास्तीच वाटते. पण आमच्या बागेत ताल जमतो कुणाचा? माझ्या पुढच्या आजींचा उजवा खांदा धरलेला. डावा हात पूर्ण फिरतो, उजवा कोपरापर्यंतच. उड्यांच्या वेळी त्या नुसत्या टाचा उचलतात. इथे कुणी शिकवत नाही. पुढच्याकडे बघायचं आणि करायचं. चार दिवस दिसलो नाही तर मात्र चौकशी होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं गळ्यात कार्ड अडकवून येतात, हजेरीचा शिक्का घेऊन पळतात.

कचरा कुठल्या वारी काय टाकायचा, ते मला इथेच कळलं. मोहल्ला समितीच्या आपत्ती सरावाला नेलं तेही या आजींनीच. पाणी भरलेलं अग्निशामक नळकांडं हातात दिलं: पिन ओढ, नळी रोख, दांडा दाब. आणि त्याआधी पोटातून ओरडायचं, ‘काजी दा!’, म्हणजे आग लागली. भाषेच्या वर्गात इतक्या मोठ्याने मी कधी बोललो नव्हतो.

सराव हौसेचा नाही. वॉर्डाची साधारण सत्तर टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. २०१९च्या पूर-नकाशावर वॉर्डानेच छापलं होतं की इथे थांबू नका, बाहेर पडा. पण गुडघे गेलेल्या माणसाने बाहेर पडायचं कसं, हे नकाशात नसतं. ते कवायत संपल्यावर कुंपणापाशी ठरतं. माझ्या वाट्याला आमच्याच इमारतीतले, तळमजल्यावरचे आजोबा आले आहेत. त्यांची औषधं फ्रिजच्या दारात असतात, आणि मांजर त्यांच्याशिवाय कुणाकडे जात नाही.