गियर कोणी बदलावा?

चार विद्यार्थी एकत्र जमले आणि वाहनांचा विषय निघाला, की गियरची गाडी बरी की बिनगियरची, हा वाद ठरलेलाच. एक पक्ष म्हणतो, ज्यास क्लच व गियर यांचा मेळ घालता येत नाही त्याने स्वतःस चालक म्हणवूच नये. दुसरा पक्ष म्हणतो, जे काम यंत्र मुकाट्याने करते ते मनुष्याने का करीत बसावे? आम्ही दोन्ही प्रकारची वाहने पुष्कळ वर्षे चालविली आहेत व दोन्ही पक्षांत थोडे थोडे तथ्य आहे असे आमचे मत झाले आहे. परंतु आमचा बीड जिल्हा बालाघाटाच्या डोंगरावर व त्याच्या पायथ्याशी वसलेला. येथे हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे.

प्रथम गियर हवाच कशाला, ते पाहू. पेट्रोलचे अथवा डिझेलचे इंजिन फेऱ्यांच्या ठराविक मर्यादेतच जोर देते. फार सावकाश फिरविले तर ते बंद पडते. फार वेगाने फिरविले तर त्याचा जोर ओसरतो. उलट गाडीचे चाक कधी अगदी स्थिर असते, तर कधी वाऱ्यासारखे फिरते. या दोघांची सांगड घालण्यासाठी दातेरी चक्रांच्या जोड्या लागतात. खालच्या गियरमध्ये इंजिनाच्या अनेक फेऱ्या होतात तेव्हा चाकाची एक फेरी होते. वेग कमी, पण जोर अधिक. वरच्या गियरमध्ये याच्या उलट. विजेच्या मोटारीस मात्र अगदी थांबलेल्या स्थितीतूनही भरपूर जोर देता येतो. म्हणून विजेवरील बहुतेक गाड्यांत गियर बदलण्याची कटकटच नसते.

गियर बदलणे हे एके काळी मोठे कसब होते. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात असताना, सन १९३२ मध्ये, त्या राज्याच्या रेल्वे व रस्ते वाहतूक खात्याने २७ बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. त्या काळच्या अवजड गाड्यांचा गियर बदलावयाचा म्हणजे क्लच दोनदा दाबावा लागे, आणि मध्यंतरी इंजिनाची गती अंदाजाने जुळवावी लागे. अंदाज चुकला की दाते एकमेकांवर घासून कर्कश आवाज होई. चाकांच्या गती आपोआप जुळविणारी रचना अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत १९२८ साली आली. आणि संपूर्णपणे आपोआप गियर बदलणारी पेटी ओल्डस्मोबिल मोटारीत १९३९ च्या अखेरीस विक्रीस आली. तीत क्लचच्या जागी तेलाने भरलेले जोडयंत्र होते. म्हणजे आपोआप गियर बदलण्याची युक्ती काही आजकालची नव्हे.

आपल्याकडे ही युक्ती मोटारीच्या आधी दुचाकीतून घरोघरी पोहोचली, आणि तिचे एक उगमस्थान आपल्या शेजारीच आहे. ज्या नगर शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, तेथील कायनेटिक कंपनीने १९७२ साली लूना नावाची छोटी गाडी काढली. तिला गियर नव्हते. इंजिनाचा वेग वाढला की आतील क्लच आपोआप चाकास जाऊन मिळे. त्याच साली पुण्याच्या बजाज कंपनीची चेतक स्कूटर आली. तिला चार गियर. डाव्या हाताने क्लच दाबून तीच मूठ फिरवावयाची. आमच्या पिढीतील कित्येक शिक्षक, तलाठी व व्यापारी या दोहोंपैकी एकीवर बसूनच गावोगाव हिंडले. पुढे १९८४ मध्ये कायनेटिक व जपानची होंडा यांनी मिळून बिनगियरची, बटण दाबताच सुरू होणारी स्कूटर काढली. आणि २००१ मध्ये होंडाची ॲक्टिवा आली. २०२० मध्ये चेतक हे नाव पुन्हा बाजारात आले, ते विजेच्या स्कूटरला. आणि तिला फिरवावयाची मूठ उरली नव्हती!

या स्कूटरमध्ये दातेरी चक्रांऐवजी दोन कप्प्या व त्यांवरून जाणारा एक पट्टा असतो. वेग वाढला की पुढील कप्पीतील छोटे रूळ बाहेर सरकतात, कप्पीच्या दोन्ही बाजू जवळ येतात आणि पट्टा वर चढतो. मागील कप्पीत याच्या उलट घडते. मोटारीत आज अनेक तऱ्हा आहेत. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओ गाडीत जी तऱ्हा आणली, तीत गियरची पेटी जुनीच; केवळ क्लच दाबण्याचे व गियर टाकण्याचे काम यंत्राकडे सोपविलेले.

बिनगियरच्या गाडीचे उपकार थोडे नाहीत. साडी नेसलेल्या परिचारिकेस अथवा शिक्षिकेस तिने दूरच्या वाडीवर स्वतःच्या बळावर जाण्यास समर्थ केले. ज्याच्या डाव्या पायात अधूपणा आहे, त्यास क्लच नसलेली मोटार चालविता येऊ लागली. बाजाराच्या दिवशी गर्दीतून वाट काढताना गियरच्या गाडीवर हात आणि पाय दोन्ही शिणतात. बिनगियरच्या गाडीवर लक्ष सर्वस्वी रस्त्याकडे राहते. अशा वाहनास कमी प्रतीचे मानणे हा निव्वळ अहंकार होय.

परंतु घाटाचा उतार लागला की विचार बदलावा लागतो. मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडकडे येताना, किंवा धारूरचा अरुंद घाट उतरून तेलगावकडे जाताना, प्रश्न गाडी पळविण्याचा नसून ती आवरण्याचा असतो. ज्यांनी उसाने भरलेली बैलगाडी उतारावर पाहिली आहे त्यांस हे चटकन कळेल. उतारावर बैल गाडी ओढीत नाहीत. गाडीच त्यांस पुढे लोटते आणि ते पाय रोवून, मागे रेटा देऊन तिला तोलतात. खालच्या गियरमधील इंजिन हेच काम करते. पेट्रोल देणे बंद केले तरी चाके इंजिनास फिरवीत राहतात, आणि त्या श्रमाने गाडीचा वेग रोखला जातो. म्हणून जुने चालक सांगत, की ज्या गियरमध्ये घाट चढावयाचा, त्याच गियरमध्ये तो उतरावा.

बिनगियरच्या स्कूटरमध्ये हा आधार दुबळा असतो. वेग फार कमी झाला की तिचा क्लच आपोआप सुटतो आणि इंजिन व चाक यांचा संबंधच तुटतो. मग सर्व भार एकट्या ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापतो, आणि तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते. यास्तव अशा गाडीवर उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करावा, दोन्ही ब्रेक मिळून व थांबून थांबून लावावेत, आणि मागे दोघांना बसवू नये. मोटारीत आपोआप गियर बदलण्याची सोय असली तरी खालचा गियर धरून ठेवण्याची व्यवस्था बहुधा असते. ती घाट लागण्यापूर्वीच शिकून घ्यावी.

आणि गियरवाल्यांनीही फुशारकी मारू नये. चार पैशांचे इंधन वाचविण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रल करणारे, किंवा इंजिनच बंद करणारे महाभाग आपल्यात कमी नाहीत. बैल सोडून गाडी उतारावर लोटून द्यावी, तसा हा प्रकार. इंजिन बंद झाले की मोटारीच्या ब्रेकला मिळणारे साहाय्य थोड्याच वेळात संपते, सुकाणू जड होते आणि मालमोटारीत ब्रेकची हवा भरणारे यंत्रही थांबते. हाताशी पाच गियर असून एकही न वापरणारा मनुष्य बिनगियरवाल्याहून अधिक असहाय होय.

आता पालकांसाठी एक गोष्ट. ‘गियर नाही, म्हणजे पोरांची गाडी, तिला परवाना कशास?’ असा एक गोड गैरसमज घरोघरी आढळतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे १६ वर्षे पूर्ण झालेल्यास परवाना मिळतो तो इंजिनाची क्षमता ५० सीसीपेक्षा अधिक नसलेल्या बिनगियरच्या दुचाकीचा. आज दारोदारी उभ्या असलेल्या बिनगियरच्या स्कूटर बहुतेक ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत. त्यांस १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या अपराधाबद्दल पालकास अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण दंडाचे भय बाजूस ठेवा. गियर नसल्याने गाडी सुरू करणे मुलास सोपे जाते, एवढेच. ती आवरणे त्यास सोपे जाते असे नव्हे. पूर्वी क्लच साधेपर्यंत गाडी चारदा बंद पडे, आणि त्या खटाटोपात थोडा सावधपणा आपसूक अंगी येई. आता तो सावधपणा आईबापांनी व गुरुजनांनी हेतुतः शिकविला पाहिजे.

पुणे-नगर मार्गावर १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी विजेवरील शिवाई बस धावली. उद्या आमच्या घाटांतूनही गियर नसलेल्या गाड्याच अधिक दिसतील, आणि आजचा वाद तुमच्या मुलांस कदाचित समजणारही नाही. त्याबद्दल आम्हांस खेद नाही. यंत्राने आपले श्रम खुशाल हलके करावेत. मात्र पुढे वळण आहे, वाटेत गुरे आहेत, मागे धाकटी बहीण बसली आहे, हे जाणून वेग वेळीच उतरविणे ज्याचे त्यालाच करावे लागेल. विद्यार्थिमित्रहो, वय झाल्यावर परवाना काढा, गाडी कोणतीही घ्या; पण घाटमाथ्यावर क्षणभर थांबून खालची वाट पाहून घ्या, आणि मगच उतरा.