गेली तरी चालेल!

अमेरिकन नौदलात प्रत्येक प्रकारच्या जहाजाला एक कोड असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या छोट्या विमानवाहू नौकांचा कोड होता 'सी.व्ही.ई.' या तीन अक्षरांचा सरकारी अर्थ काहीही असो, त्यांवर नोकरी करणाऱ्या पोरांनी आपला वेगळाच अर्थ लावला होता: कम्बस्टिबल, व्हल्नरेबल, एक्स्पेंडेबल. म्हणजे पटकन पेटणारी, सहज फुटणारी आणि... गेली तरी चालेल अशी!

पहिले दोन शब्द ठीक आहेत. पण तिसरा? ज्यानं आयटीत, बँकेत किंवा कॉल सेंटरमध्ये चार वर्षं काढलीयेत त्याला तो नक्की ओळखीचा वाटेल. आपल्याकडे त्यालाच 'रिसोर्स' म्हणतात.

ही गोष्ट मला सापडली २००८ च्या डिसेंबरात, शिकागोत. ऑनसाइट गेलो होतो. मंदी आली, प्रोजेक्ट गुंडाळला गेला आणि परतीच्या तिकिटाला दोन आठवडे बाकी होते. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, हाताला काम नाही. रूमवर बसून छताकडे बघण्यापेक्षा म्युझियम ऑफ सायन्स अँड इंडस्ट्री बरं, असं म्हणून तिकडे गेलो. (२०२४ पासून त्याच्या नावापुढे 'ग्रिफिन' लागलंय.) तिथल्या एका भल्यामोठ्या तळघरात चक्क नाझी जर्मनीची पाणबुडी उभी आहे. यू-५०५. जवळजवळ अडीचशे फूट लांब, खरीखुरी, एकेक व्हॉल्व्ह जागेवर. लोक तिच्याभोवती फिरतात, आत शिरतात, फोटो काढतात. मला मात्र दुसराच प्रश्न पडला. हिला पकडलं कुणी?

पकडलं होतं एका 'गेली तरी चालेल' बोटीनं. नाव ग्वाडालकॅनाल.

तिचा जन्मच मुळी घाऊक कारखान्यातला. हेन्री कायझर नावाचा एक रस्ते नि धरणं बांधणारा कंत्राटदार युद्धात जहाजबांधणीत उतरला. त्यानं वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकूव्हर गावी (कॅनडातलं ते वेगळं!) एकाच छापाच्या विमानवाहू नौका काढायला सुरुवात केली. किती? पन्नास! जुलै १९४३ ते जुलै १९४४ या एका वर्षात या पन्नासही नौका नौदलात दाखल झाल्या. आठवड्याला एक. आपल्याकडे फ्लायओव्हरचा एक खांब उभा राहायला किती वेळ लागतो, ते मी सांगायला नको.

आता 'विमानवाहू' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर 'विक्रांत' येते. पण विक्रांत सातशे फुटांची, ही पाचशे बारा. चिलखत जवळजवळ नाहीच. टर्बाइनचा तुटवडा म्हणून जुन्या पद्धतीची वाफेची इंजिनं बसवलेली. वेग जेमतेम एकोणीस नॉट, म्हणजे ताशी पस्तीस किलोमीटर. सिग्नल सुटल्यावर लक्ष्मी रोडवर स्कूटर जाते तेवढा! पोटात पेट्रोल, बाँब, टॉर्पेडो आणि दोन-अडीच डझन विमानं. ही असली बोट पेटली तर काय होतं, ते नोव्हेंबर १९४३ मध्ये पॅसिफिकात दिसलं होतं. त्याच छापाची 'लिसकम बे' एका जपानी टॉर्पेडोनं गेली, ६४४ माणसांसकट.

ग्वाडालकॅनाल २५ सप्टेंबर १९४३ ला नौदलात आली. कॅप्टन होता डॅनिएल गॅलरी, मूळचा शिकागोचाच. (नाव ऐकून मला आपली बाल्कनीच आठवते, काय करणार!) स्वतः वैमानिक. या नव्या बोटीच्या डेकवर पहिलं विमान त्यानं स्वतः उतरवलं. खलाशांपैकी बऱ्याच जणांनी त्याआधी समुद्र पाहिलेलाच नव्हता. थोडक्यात, सगळे फ्रेशर्स, आणि टीम लीड जरा वेडा.

काम काय? अटलांटिकमध्ये यू-बोटी शोधून बुडवायच्या. अमेरिकेहून ब्रिटनला धान्य, तेल, दारूगोळा नेणाऱ्या ताफ्यांवर या जर्मन पाणबुड्या तुटून पडायच्या. महासागराच्या मधोमध जमिनीवरची विमानं पोचत नसत, तिथं तर त्यांचंच राज्य. मग डोकं लढवलं गेलं, की धावपट्टीच समुद्रात न्यायची. एक छोटी विमानवाहू, सोबत चार-पाच विनाशिका, आणि शिकारीला निघायचं.

पहिल्याच फेरीत, १६ जानेवारी १९४४ ला, ग्वाडालकॅनालच्या विमानांनी यू-५४४ बुडवली. पण खरी कल्पना एप्रिलमधली. त्या काळच्या पाणबुडीला बॅटरी चार्ज करायला पृष्ठभागावर यावंच लागे आणि विमानांच्या भीतीनं ती रात्री वर येई. कारण या पिटुकल्या डेकवरून रात्री विमानं उडवणं म्हणजे वेडेपणा, असं सगळेच धरून चालले होते. गॅलरीनं पौर्णिमा गाठली आणि रात्रभर उड्डाणं सुरू ठेवली. चंद्राच्या उजेडात, पाळीपाळीनं, थांबायचं नाही! परिणाम? ९ एप्रिलला यू-५१५ गेली, १० एप्रिलला यू-६८. या दुसरीवरच्या ५७ जणांपैकी वाचला फक्त एक.

यू-५१५ बुडताना गॅलरीनं एक गोष्ट नीट पाहिली. मार असह्य झाला की पाणबुडी वर येते, माणसं उड्या मारतात आणि बोट थोडा वेळ तरंगत राहते. त्या थोड्या वेळात आपली माणसं आत घुसली तर? पुढच्या फेरीआधी त्यानं प्रत्येक जहाजावर एकेक तुकडी तयार ठेवायला सांगितली. अमेरिकन नौदलानं भर समुद्रात शत्रूची युद्धनौका काबीज केली त्याला तेव्हा सव्वाशे वर्षं उलटून गेली होती. लोक हसले असणार.

४ जून १९४४, रविवार. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ. सहाच दिवसांपूर्वी, २९ मे ला, याच अटलांटिकमध्ये 'ब्लॉक आयलंड' ही त्यांच्यासारखीच विमानवाहू यू-बोटीनं बुडवली होती. ही बातमी डोक्यात असताना सकाळी अकराच्या सुमाराला 'शॅटलेन' या विनाशिकेच्या सोनारवर खूण आली. अशा वेळी विमानवाहूनं काय करायचं? पळायचं! ग्वाडालकॅनाल दूर वळली. वरून वाइल्डकॅट विमानांनी पाण्यात गोळ्या झाडून जागा दाखवली, शॅटलेननं डेप्थ चार्ज टाकले आणि जेमतेम साडेसहा मिनिटांत यू-५०५ फेसाळत वर आली. सुकाणू अडकलेलं, बोट गोल गोल फिरतेय, जर्मन खलाशी पाण्यात उड्या मारतायत.

'पिल्सबरी' या विनाशिकेवरून एक होडी सुटली. त्यात अल्बर्ट डेव्हिड नावाचा अधिकारी आणि आठ जण. डेव्हिड एक्केचाळीस वर्षांचा, साध्या खलाशापासून वर चढलेला. ही पोरं चालत्या पाणबुडीवर चढली. आत कोण आहे, सुरुंग लावलाय की नाही, बोट कुठल्या मिनिटाला तळाला जाणार, काहीच ठाऊक नाही. डेव्हिड आणि दोघे जण त्या भोकातून खाली उतरले. आत कुणीच नव्हतं, फक्त पाणी धो धो येत होतं. एका पोराला त्या गोंधळात बाजूला पडलेलं झाकण सापडलं, ते त्यानं बसवलं आणि पाणी थांबलं. तोवर बाकीचे कोडबुकं आणि एनिग्मा यंत्रं वर पाठवत होते.

खरं सांगू का, सिनेमावाल्यांना हा भाग आवडेल. मला मात्र नंतरचा आवडतो, अर्ल ट्रोसिनोचा. हा ग्वाडालकॅनालचा इंजिनिअर, मूळचा व्यापारी जहाजांवरचा. आयुष्यात पाणबुडीत पाऊल टाकलेलं नाही. तो त्या तेलकट, काळोख्या पोटात पालथा होऊन पाइपमागून पाइप हातानं चाचपत राहिला. कुठला कुठं जातो, कुठला बंद करायचा, पाट्या सगळ्या जर्मन! मग त्यानं अफलातून डोकं चालवलं. डिझेल इंजिनं वेगळी काढली आणि मोटारी पंख्यांच्या दांड्याला जोडलेल्या ठेवल्या. आता बोट ओढली की पाण्यामुळे पंखे फिरणार, पंख्यांमुळे मोटारी, मोटारींमुळे बॅटऱ्या चार्ज, आणि त्या विजेवर पंप चालवून पाणी बाहेर. धक्का देऊन गाडी चालू करतो ना आपण, जवळपास तसंच. शौर्यपदकं दुसऱ्यांना मिळाली. माझं मत विचाराल तर बोट तरंगत राहिली ती ट्रोसिनोमुळे.

ओढायची कुणी? पिल्सबरीनं प्रयत्न केला, तर पाणबुडीच्या कडेनं तिचंच पोट फाडलं. शेवटी ग्वाडालकॅनालनंच दोर टाकला. विचार करा! टॉर्पेडोला सर्वांत घाबरायचं त्या जहाजानं, तोंडात टॉर्पेडो असलेली पाणबुडी आपल्या शेपटीला बांधून घेतली. रात्री दोर तुटला, दुसऱ्या दिवशी जाड दोर बांधला. पाणबुडीची मागची दारं सुरुंगाच्या भीतीनं कुणी उघडेना, तेव्हा गॅलरी स्वतः गेला. आणि हे सगळं चालू असताना वर डेकवरून विमानं उडत होती, उतरत होती. पुढे एका टगनं ओझं घेतलं आणि १९ जूनला यू-५०५ बर्म्युडाला पोचली.

इथं गोष्ट संपायला हवी. पण मला वाटतं, ती इथं सुरू होते.

कारण ही सगळी कमाई एका अटीवर होती: कुणी बोलायचं नाही. आपली बोट पकडली गेली हे जर्मनीला कळलं की सांकेतिक लिपी बदलणार. दोनच दिवसांनी नॉर्मंडीचं आक्रमण होतं. ब्रिटिश ती लिपी आधीपासून वाचत होते, त्यामुळे नौदलप्रमुख ॲडमिरल किंग इतके भडकले, की गॅलरीवर कोर्टमार्शलचा विचार झाला म्हणतात. जगातलं सर्वांत मोठं गुपित एका कॅप्टनच्या हौसेपायी फुटायला नको! ताफ्यावर माणसं होती सुमारे तीन हजार, बहुतेक वीस-बावीस वर्षांची. गॅलरीनं सगळ्यांना दम भरला आणि पाणबुडीतून ढापलेल्या टोप्या, दुर्बिणी, पिस्तुलं परत करायला लावली. ती पोरं गप्प बसली. बायकोला नाही, आईला नाही, दारूच्या गुत्त्यावरही नाही. जर्मनी शरण गेल्यावर मे १९४५ मध्येच जगाला कळलं. आमच्याकडे अप्रेझलचा आकडा तीन तासांत मजलाभर होतो. ज्यांना 'गेलात तरी चालेल' म्हणून समुद्रावर पाठवलं, त्यांच्या तोंडावर सगळा मामला अवलंबून राहिला आणि त्यांनी तो सांभाळला.

त्याची किंमत मात्र दुसरीकडे मोजली गेली. यू-५०५ वरचा एक खलाशी मारला गेला होता, उरलेले ५८ पकडले गेले. त्यांना लुइझियानात कॅम्प रस्टनमध्ये इतर कैद्यांपासून वेगळं ठेवलं. रेडक्रॉसलाही भेटू दिलं नाही, घरी पत्र नाही. जर्मनीत त्यांच्या घरच्यांनी त्यांना मेलेलं धरलं. गुपित टिकवायला दुसरा मार्ग होता का? मला तरी सुचत नाही. पण कुठल्या तरी जर्मन गावातली आई पोराच्या फोटोला हार घालतेय आणि पोरगा अमेरिकेत जिवंत आहे, हे चित्र त्या म्युझियममध्ये उभं राहून डोक्यातून जाईना. ती मुलं घरी पोचेपर्यंत १९४७ उजाडलं.

अल्बर्ट डेव्हिडला मेडल ऑफ ऑनर मिळालं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अटलांटिक ताफ्यात हे एकच. पण ते हातात पडण्याआधीच, सप्टेंबर १९४५ मध्ये तो वारला. पदक त्याच्या बायकोनं घेतलं.

ग्वाडालकॅनाल त्यानंतर नव्या वैमानिकांना डेकवर उतरायला शिकवत राहिली आणि जुलै १९४६ मध्ये निवृत्त झाली. मग बारा वर्षं नुसती बांधून ठेवलेली. यू-५०५ ला मात्र गॅलरीच्या खटपटीमुळे १९५४ मध्ये शिकागोत आणलं, सरोवरांमधून ओढत आणि शेवटी हमरस्ता ओलांडून. काही भाग गहाळ झाले होते, म्हणून म्युझियमनं मूळ जर्मन कंपन्यांना पत्रं लिहिली. त्यांनी ते पाठवून दिले, फुकट! २००४ मध्ये तिला उन्हापावसातून तळघरात हलवलं.

आणि पकडणारी? मुंबईकरांना हा शेवट सांगायची गरज नाही. आपली विक्रांतसुद्धा काही वर्षं म्युझियम म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये दारुखान्यात तोडायला गेली. तिचं पोलाद निदान बजाजच्या 'व्ही' मोटारसायकलीत आलं, रस्त्यावर दिसलं तरी. ग्वाडालकॅनालचं नाव १९५८ मध्ये नौदलाच्या यादीतून काढलं आणि १९५९ च्या एप्रिलमध्ये ती न्यूयॉर्कच्या एका भंगारवाल्याला विकली.